रोग वाटणारे आणि रोग वाहणारे

पावसाळ्यात ब्रह्मगिरीवरून ढग खाली उतरले की आमच्या त्र्यंबकमध्ये समोरचं घर दिसत नाही. कुशावर्तावर आंघोळ करणाऱ्यांचे आवाज तेवढे येतात, माणसं दिसत नाहीत. अशाच एका आषाढात, लाइट गेलेली असताना, मी इअरफोन घालून बार्बारस नावाच्या ग्रहाची गोष्ट ऐकत बसलो होतो. तिथंही डोंगर आहेत, धुकं आहे. पण ते धुकं विषारी आहे, आणि जितकं वर जावं तितकं जास्त विषारी. वर, जिथं माणसाला श्वास घेता येत नाही, तिथं राक्षसी सरदारांचे गड. खाली दरीत गरीब शेतकरी. रात्री सरदारांची फौज उतरते आणि दरीतली माणसं उचलून नेते.

त्या वरच्या एका सरदाराला रणभूमीवर एक तान्हं मूल सापडतं. तो ते वाढवतो. त्या मुलाचं नाव मॉर्टेरियन. आणि या मुलाच्या पलटणीचं नाव डेथ गार्ड.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीनं १९८७ साली आणलेला खेळ. टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, फासे टाकायचे, लढायचं. खेळाभोवती हळूहळू कादंबऱ्या, व्हिडिओ गेम, ऑडिओबुकं यांचा एवढा मोठा पसारा उभा राहिला, की आज बहुतेक लोक फाशांना हात न लावताच या जगात राहतात. मीही त्यातलाच. ते सैनिक विकत घेऊन रंगवणं मला परवडलेलं नाही. माझं सगळं वॉरहॅमर मोबाइलमध्ये आहे. या जगात माणसांचं एक अवाढव्य, क्रूर साम्राज्य आहे. त्याच्या सम्राटानं वीस सेनापती आणि त्यांच्या वीस पलटणी घडवल्या. दोन पलटणींची नावं इतिहासातून पुसली गेली. उरलेल्या अठरांपैकी नऊ फितूर झाल्या. डेथ गार्ड ही चौदावी पलटण, फितुरांपैकी एक. सैनिकांची शरीरं सडलेली, चिलखतातून पू झिरपतो, भोवती माश्या घोंगावतात. आणि तरी ते मरत नाहीत.

वर्णन ऐकून कुणी म्हणेल, किळसवाणं आहे, सोडून दे. मी सोडलं नाही, कारण हा सैनिक मला ओळखीचा वाटला. त्याला मी आजीच्या गोष्टीत भेटलो होतो.

आधी आपला सैनिक

आजी सांगायची, संध्याकाळी कुणी अनोळखी माणूस दारात येऊन कपाळाच्या जखमेसाठी तेल मागायला लागला तर घाबरायचं नाही, तेल द्यायचं. तो अश्वत्थामा असतो. ही समजूत महाराष्ट्रात गावोगावी आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंबा नावाचं शिखर आहे. दिवाळीत तिथं यात्रा भरते, हजारो आदिवासी भाविक तो अवघड डोंगर चढून जातात, कारण अश्वत्थामा तिथं राहतो अशी श्रद्धा आहे. महाभारतातल्या शापित खलनायकाला देव मानून भेटायला जाणं ही साधी गोष्ट नाही. तिच्याकडे परत येऊ.

त्याचा अपराध आठवून बघा. द्रोणाला कपटानं मारलं. ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्यानं आणि ‘हत्ती’ हे ओठातल्या ओठात, असं धर्मराजानं सांगितलं, म्हातारा शस्त्र टाकून बसला आणि धृष्टद्युम्नानं त्याचं डोकं उडवलं. मुलाच्या मनात ते सडत राहिलं. युद्ध संपल्यावर एका रात्री त्यानं झाडावर झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड पाहिलं आणि त्यातून धडा घेतला. पांडवांच्या छावणीत शिरून झोपलेली माणसं मारली, द्रौपदीची पाच मुलं मारली, नंतर उत्तरेच्या पोटातल्या गर्भावर अस्त्र सोडलं. कृष्णानं त्याला मृत्युदंड दिला नाही. तीन हजार वर्षं एकटा भटकशील, अंगाला पू आणि रक्ताचा वास येईल, सगळे रोग तुला जडतील, कुणी तुझ्याशी बोलणार नाही, असा शाप दिला.

सैनिक, युद्धाचे नियम मोडणारा, रोगानं सडलेला, मरण नसलेला. डेथ गार्डचा नमुना आपल्याकडे व्यासांनी केव्हाच लिहून ठेवला आहे. फरक एवढाच, की तो एकटा होता. इंग्लंडमधल्या लेखकांनी त्याची पलटण केली. आणि माझ्या मते, या एका फरकामुळे गोष्टीचा अर्थच उलटा होतो.

तीन बापांचा मुलगा

मॉर्टेरियन मोठा होतो तेव्हा त्याला कळतं, दरीतले ते शेतकरी आपल्यासारखेच दिसतात. आपण वरचे नाही, खालचे आहोत. तो खाली पळून येतो. लोक आधी घाबरतात, नंतर त्याला आपला म्हणतात. तो त्यांना लढायला शिकवतो, विषात टिकून राहायला शिकवतो, एकेक सरदार संपवतो. शेवटी एकच उरतो, ज्यानं त्याला वाढवलं तो. त्याचा गड इतक्या उंचावर की तिथल्या विषात मॉर्टेरियनही टिकत नाही.

नेमक्या याच वेळी सम्राट येतो. त्याचा खरा बाप. दोघांत पैज लागते. मॉर्टेरियननं सरदाराला स्वतः मारलं तर सम्राटानं निघून जायचं. नाही जमलं तर मॉर्टेरियननं सम्राटाची चाकरी पत्करायची. मॉर्टेरियन गडाच्या दारापर्यंत पोहोचतो आणि विषानं कोसळतो. सम्राट येतो, एका घावात सरदाराला मारतो, मुलाला वाचवतो.

साध्या गोष्टीत हा सुखाचा शेवट झाला असता. इथं तो फितुरीचा आरंभ आहे. ज्या क्षणासाठी मुलानं आयुष्य घालवलं तो क्षण बापानं हिसकावून घेतला, आणि वर उपकारही केला. मॉर्टेरियन गुडघे टेकतो, पण ते त्याला कायम बोचत राहतं. अश्वत्थाम्याच्या मनात बापाचा मृत्यू सडतो. मॉर्टेरियनच्या मनात बापाचा उपकार. मला दुसरं जास्त खरं वाटतं. सूड सगळ्यांना कळतो. उपकाराचा राग येतो हे मान्य करायला आपण तयार नसतो.

पुढे होरस बंड करतो, मॉर्टेरियन बंडात सामील होतो. सम्राटाच्या राजधानीवर चालून जाताना त्याचा ताफा वॉर्पमध्ये, म्हणजे या जगातल्या त्या भुताटकीच्या मितीत, अडकतो. त्याचा सगळ्यात जवळचा अधिकारी टायफॉन यानं वाट दाखवणाऱ्यांनाच मारून टाकलेलं असतं. मग जहाजांवर साथ येते. ज्या पलटणीला कुठलंच विष बाधत नव्हतं, तिचे सैनिक फुगतात, फुटतात, किंचाळतात. पण मरत नाहीत. मॉर्टेरियन पुन्हा त्या लहानपणीच्या डोंगरावर, धुक्यात गुदमरत उभा असतो. या वेळी वाचवायला सम्राट येत नाही. तेव्हा त्याच्या हाकेला तिसराच कुणी ओ देतो. नर्गल, रोगाचा आणि कुजण्याचा देव. चाहते त्याला लाडानं आजोबा म्हणतात, कादंबऱ्यांमधले सैनिकही आजोबाच म्हणतात.

पोरांचे हाल बघवेनात म्हणून बाप शरण गेला. जेम्स स्वॅलोच्या ‘द बरीड डॅगर’ या २०१९च्या कादंबरीत हा प्रसंग सविस्तर आला आहे. तिथं वाचताना मला मॉर्टेरियनचा राग आला नाही. ज्या जुलमी सरदारांचा, विषाचा आणि जादूटोण्याचा त्यानं जन्मभर द्वेष केला, शेवटी तो स्वतःच त्या तिन्ही गोष्टी झाला. आज त्याचा स्वतःचा ग्रह आहे. तो ग्रहही विषारी धुक्यानं भरलेला आहे. वरच्या गडावर आता तोच राहतो.

सोसण्याचा माज

डेथ गार्ड फितूर होण्याआधी कशी होती, हे बघितल्याशिवाय तिची शोकांतिका कळत नाही. बाकीच्या पलटणींना वेगाचा, शिस्तीचा, विद्येचा, कलेचा अभिमान. डेथ गार्डला अभिमान एकाच गोष्टीचा होता, आम्ही सोसतो. लढाईनंतर मॉर्टेरियन पराक्रम केलेल्या सैनिकाला जवळ बोलावून त्याच्यासोबत विषाचा पेला पितो, अशी त्यांची रीत होती. स्वॅलोच्याच ‘द फ्लाइट ऑफ द आइझेनस्टाइन’मध्ये (२००७) हा पेला नायक नॅथॅनियल गारो याच्या वाट्याला येतो. मान म्हणून विष. पिऊन उभा राहिलास तर तू आमचा.

हा प्रसंग मला फार ओळखीचा वाटला. आपल्याकडे चांगल्या माणसाचं वर्णन करताना ‘फार सोसलं हो तिनं’ असं म्हणतात, आणि तिनं सोसलं ते कुणी दिलं होतं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. नाशिक जिल्ह्यानं २०२१च्या एप्रिलमध्ये जे पाहिलं ते विसरता येत नाही. २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण श्वासाअभावी गेले. त्यानंतर काहीच दिवसांत व्हॉट्सअॅपवर आपल्या सहनशक्तीचं कौतुक सुरू झालं. आम्ही हेही पचवलं. आमची माती कणखर. मीही असा एक मेसेज पुढे पाठवला होता. आज वाटतं, तो विषाचा पेला होता.

सोसणं हा गुण आहे, पण एका मर्यादेपर्यंत. मराठीत त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेला अचूक शब्द आहे, अंगवळणी पडणं. दुखणं अंगवळणी पडलं की ते दुखणं राहत नाही, स्वभाव होतो. डेथ गार्डचं नेमकं हेच झालं. त्यांचा रोग बरा झाला नाही, तो त्यांच्या अंगवळणी पडला. नर्गलनं त्यांना दुसरं काही दिलं नाही. वेदना राहिली, फक्त ती नकोशी वाटणं संपलं.

या लोकांवरचं सगळ्यात चांगलं पुस्तक म्हणजे ख्रिस राइटचं ‘द लॉर्ड्स ऑफ सायलेन्स’ (२०१८). त्यात व्होर्क्स नावाचा म्हातारा कप्तान आहे. त्याच्या जहाजाचं नाव सोलस, म्हणजे सांत्वन. तो ओरडत नाही, चिडत नाही. जहाजावर नर्गलची छोटी छोटी पिल्लं बागडतात, सैनिक त्यांना कुरवाळतात. सगळं घरगुती. वाचताना आपण विसरतो की ही माणसं उद्या एखाद्या ग्रहावर साथ सोडणार आहेत. राइट भीती दाखवत नाही, आपल्याला आरामात बसवतो, आणि नंतर लक्षात येतं आपण कुणाच्या घरात बसलोय.

अश्वत्थाम्याचा शाप आणि नर्गलचा आशीर्वाद यांच्यातला फरक इथं उघड होतो. अश्वत्थाम्याला रोगासोबत एकटेपण मिळालं. त्याला ठाऊक आहे की हे वाईट आहे. म्हणून तो अजून दारोदार तेल मागतो. म्हणजे जखम बरी व्हावी ही इच्छा त्याच्यात शिल्लक आहे. अस्तंब्याला जाणारे लोक बहुधा त्या इच्छेला भेटायला जातात. डेथ गार्डच्या सैनिकाला रोगासोबत कुटुंब मिळालं, आजोबा मिळाले. तो तेल मागत नाही. तो उलट तुमच्या दारात येऊन आपल्याकडचं काहीतरी देतो.

तेल मागणाऱ्याची भीती वाटायची गरज नाही, हे आजीचं म्हणणं मला आता पटतं. भीती वाटायची घ्या म्हणणाऱ्याची. रात्री दोन वाजता रील्स बघत पडलेलो असताना ‘कशाला धडपड करतोस, काही बदलत नाही, पडून राहा’ असं जे आतून कुणीतरी मायेनं म्हणतं, तो आवाज मला चांगला ओळखीचा आहे. तुम्हालाही असेल. तो शिव्या देत नाही, तो पांघरूण घालतो.

इथं गोष्ट चुकते

इतकं कौतुक केल्यावर तक्रार सांगायला हवी, कारण ती लहान नाही.

वॉरहॅमरमध्ये कुणाच्या अंगावर फोड दिसले की समजायचं, हा दुष्ट. अवयव झडला, की हा फितूर. रोग आणि पाप यांच्यात अंतरच नाही. खेळात हे सोयीचं आहे, लांबून शत्रू ओळखता येतो. पण आपण ज्या मुलखात राहतो तिथं हे समीकरण खेळापुरतं कधीच नव्हतं. कुष्ठरोगाला आपण महारोग म्हटलं, मागच्या जन्माचं पाप म्हटलं. बाबा आमट्यांनी गटारीजवळ पडलेला, शरीर झडलेला तुळशीराम पाहिला तेव्हा ते आधी पळाले होते. ती भीती त्यांनी लपवली नाही, आणि त्या भीतीशी झालेल्या भांडणातून १९४९ साली महारोगी सेवा समिती आणि वरोऱ्याजवळचं आनंदवन उभं राहिलं. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण होतं, ते २०१९ साली वगळलं गेलं. डेथ गार्डवरची कादंबरी ज्या वर्षी आली, त्याच वर्षी. इतकी वर्षं आपला कायदाही रोगी शरीराकडे साधारण त्याच नजरेनं बघत होता.

दुसरी तक्रार साध्या माणसांबद्दल. डेथ गार्डच्या पुढे पॉक्सवॉकर नावाची झुंड चालते. साथीत सापडलेले सामान्य लोक. शरीर कुजतं, चेहऱ्यावर हसू गोठतं, आणि काही वर्णनांनुसार आत मन जागंच असतं. केवढी भयंकर कल्पना! पण पुस्तकात ही माणसं दोन ओळींत येतात आणि तिसऱ्या ओळीत गोळ्या खाऊन पडतात. ज्या दरीतल्या शेतकऱ्यांसाठी मॉर्टेरियन डोंगर उतरला होता, त्यांचीच ही भावंडं. एवढ्या हजारो पानांत त्यांतल्या एकाच्याही घरात आपण जाऊन येत नाही. लेखकांना सेनापतीचं दुःख दिसतं. दरीतलं दिसत नाही.

तिसरी तक्रार आयशाबद्दल. एल्डार नावाच्या जमातीची ही आरोग्याची देवी नर्गलनं आपल्या वाड्यात कोंडून ठेवली आहे. नवा रोग शिजवला की तो आधी तिला पाजतो. ती आजारी पडते, बरी होते, आणि नर्गलची पाठ वळली की त्या रोगाचा उतारा हळूच माणसांच्या कानात सांगते. या सगळ्या विश्वातली मला सगळ्यात आवडती व्यक्तिरेखा हीच. स्वतःच्या अंगावर रोग घेऊन दुसऱ्याला औषध सांगणारी. आणि तिला मिळालेली जागा? चार-दोन परिच्छेद. मॉर्टेरियनचा पंख असलेला भलामोठा पुतळा २०१७ साली बाजारात आला. ज्या गोष्टीत रोग वाटणाऱ्यांना एवढी जागा आणि रोग स्वतःवर घेणारीला एवढी कमी, ती गोष्ट रोगाबद्दल अर्धंच जाणते असं मला म्हणायचं आहे.

१८९७

उरलेलं अर्धं शोधायला मला दूर जावं लागलं नाही.

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत पुण्यात पोहोचला. सरकारनं वॉल्टर चार्ल्स रँड याला प्लेग कमिटीचा प्रमुख नेमलं आणि घरझडतीसाठी गोरे सैनिक उतरवले. सैनिक बुटांसकट स्वयंपाकघरात शिरले, देवघरात शिरले, बायकांची उघड्यावर तपासणी झाली, सामान जाळलं गेलं. साथीपासून वाचवायला आलेले सैनिकच लोकांना साथीपेक्षा भयंकर वाटू लागले. शेवट सगळ्यांना माहीत आहे. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या, आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड काही दिवसांनी मेला.

शाळेत आपण ही गोष्ट इथवर शिकतो आणि टाळ्या वाजवतो. वॉरहॅमरही इथवरच सांगेल, कारण त्याला सैनिक आणि सूड एवढंच सांगता येतं. पण त्याच पुण्यात, रँडवर गोळी झाडली जाण्याच्या तीन महिने आधी, दुसरी एक गोष्ट घडून गेली होती.

सावित्रीबाई फुल्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. पुण्याबाहेर हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर त्यानं प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तिथं राबत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यात एक मुलगा प्लेगनं आजारी आहे असं कळलं, तेव्हा त्या गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यांचं वय तेव्हा साठीच्या पुढे. प्लेग त्यांना झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

मला ही दोन चित्रं शेजारी ठेवून बघायची आहेत. एक, हातात कोयता घेतलेला, धुक्यात उभा असलेला मॉर्टेरियन. पोरांचं दुखणं बघवेना म्हणून शरण गेलेला, आणि नंतर तेच दुखणं ग्रहाग्रहांवर वाटत फिरणारा. दुसरं, प्लेग झालेलं परक्याचं पोर पाठुंगळीला मारून पायी चाललेली म्हातारी. दोघांनीही दुसऱ्याचं दुखणं बघितलं. दोघांनाही ते बघवलं नाही. दोघांच्याही अंगात रोग शिरला. सोसण्याची ताकद दोघांतही अफाट. फरक रोग कुठल्या दिशेनं गेला, यात आहे. सावित्रीबाईंनी तो स्वतःकडे घेतला आणि त्यांच्यापाशी तो थांबला. मॉर्टेरियनपासून तो सुरू झाला.

म्हणजे सोसणं नुसतं पुरत नाही. आपण कशासाठी सोसतोय आणि आपल्या सोसण्यानं दुसऱ्याचा भार हलका होतोय का, हे विचारावंच लागतं. न विचारता सोसणारा डेथ गार्डमध्ये केव्हा भरती झाला हे त्यालाही कळत नाही. आणि भरती झालेला माणूस पुढे हमखास म्हणतो, आम्ही सोसलं, मग तुम्ही का नाही सोसणार? हे वाक्य मी सासवांच्या तोंडी ऐकलंय, कॉलेजच्या सीनिअरांच्या तोंडी ऐकलंय, साहेबांच्या तोंडी ऐकलंय. विषाचा पेला असाच पुढे सरकतो.

मरण देण्याचं गाव

माझं गाव मरणावर जगतं, असं कुणी टोचून म्हणालं तर मी वाद घालत नाही. त्र्यंबकला लोक ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला येतात तसे नारायण नागबळीलाही येतात. तीन दिवसांचा विधी. अपघातात, आत्महत्येत, अवेळी गेलेल्या माणसाला गती मिळावी म्हणून. कणकेचा देह करतात, त्याला खऱ्या देहासारखे संस्कार देतात. आमच्या घरच्या दोन खोल्या अशा येणाऱ्यांना भाड्यानं देतो, त्यामुळे पांढऱ्या कोऱ्या कपड्यांतली, गप्प बसलेली माणसं मी लहानपणापासून बघतोय. या विधीवर माझा विश्वास आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्याभोवती चालणारा पैशांचा व्यवहारही मला दिसतो.

७ ऑक्टोबर २०२१ला राज्यातली देवळं पुन्हा उघडली. त्यानंतर काही दिवसांनी आमच्याकडे एक बाई उतरल्या होत्या. नवरा दुसऱ्या लाटेत गेलेला. दवाखान्याच्या दारातून आत गेला तो शेवटचा. नंतर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबून दाखवलं, तोंड दिसलं नाही. विधीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या आईनं त्यांना चहा दिला तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, “आज हातानं पाणी पाजलं. कणकेचा का असेना.”

त्या वेळी माझ्या फोनवर नर्गलचे मीम होते. कोविडच्या काळात ते सगळीकडे फिरत होते, आजोबांनी नवी भेट पाठवली वगैरे. मी हसायचो. त्या संध्याकाळी हसू आलं नाही, पण मी ते पुसूनही टाकले नाहीत. कारण त्याच क्षणी मला डेथ गार्डची खरी भीती कळली होती. त्यांच्या गोष्टीत कुणी कुणाला शेवटचं पाणी पाजत नाही. तिथं शेवटच नाही. सगळे कुजत राहतात, सगळे सोबत राहतात, कुणी कुणाला सोडत नाही. नर्गलचं प्रेम म्हणजे न सोडणं. आणि माझ्या गावाचा सगळा खटाटोप, त्यातला भाबडेपणा आणि धंदा धरूनही, सोडता यावं म्हणून आहे. कणकेचा देह करायचा, त्याला माणूस म्हणायचं, आणि मग जाऊ द्यायचं.

गोष्ट सांगणाऱ्यांनी मॉर्टेरियनला हा एक पर्याय कधीच दिला नाही. त्या अडकलेल्या जहाजावर, किंचाळणाऱ्या सैनिकांमध्ये, त्याला दोनच वाटा दिसल्या, सोसत राहा किंवा शरण जा. एखाद्या पोराचं डोकं मांडीवर घेऊन, त्याच्या तोंडात पाणी घालून, त्याला मरू देण्याची वाट त्याला दिसली नाही. विषाचा पेला ज्यानं इतक्यांना दिला, त्याला पाण्याचा कसा द्यायचा हे कुणी शिकवलंच नव्हतं.

डेथ गार्डच्या गोष्टी मी अजून ऐकतो. तुम्हीही ऐका, ‘द लॉर्ड्स ऑफ सायलेन्स’पासून सुरुवात करा. फक्त ऐकताना सेनापतीकडे कमी बघा आणि त्याच्या पुढे हसऱ्या चेहऱ्यानं चालणाऱ्या झुंडीकडे जास्त. त्यातल्या प्रत्येकाला कुठेतरी एक घर होतं, आणि त्या घरात अजून कुणीतरी पाणी घेऊन थांबलेलं असेल.

काल संध्याकाळी पुन्हा ढग उतरले. दारावर टकटक झाली तेव्हा आई म्हणाली, बघ रे कोण आहे. खोली आहे का विचारायला कुणीतरी आलं होतं. धुक्यात चेहरा दिसत नव्हता. मी म्हटलं, या, आत या.